चार जणांची माळ

"मला काय विचारतोस? मी कात्रीला हात तरी लावला का?" भावजयीचा आवाज चढला होता. "दिवसभर दुकानात उभी राहून आले, अजून चपला पायात आहेत, आणि तू सुरू!"

"मग कोणी लावला? पोरीनं आपल्या मनानं केलं हे?"

"पोर समोर उभी आहे. विचार तिला."

"तिला काय विचारू? लहान आहे ती. घरात जे दिसतं ते ती करते. तिला काय दिसतं, ते मी तुला विचारतोय."

"काय दिसतं? सांग ना, आता सांगच. काय दिसतं?"

भावाच्या हातात सोनेरी कागदाची माळ होती. एकमेकांचे हात धरून उभी असलेली चार कागदी माणसं. प्रत्येकाच्या पोटावर निळ्या पेनानं काहीतरी लिहिलेलं. एक बाबा, एक आई, एक नऊ वर्षांची मोठी आणि एक तिचा धाकटा भाऊ टिल्लू. घरात राहत होती पाच माणसं. पाचवी, भावाची थोरली बहीण, गॅसपाशी पाठमोरी उभी होती आणि भाजी खाली लागू नये म्हणून ढवळत होती.

तिला घरात आत्या म्हणत. मुलं म्हणत म्हणून दूधवाला म्हणू लागला, मग समोरच्या बिऱ्हाडातल्या बाई, मग तिच्यापेक्षा वयानं कितीतरी मोठा असलेला इस्त्रीवालाही. भाऊ आणि भावजय तेवढे ताई म्हणायचे. भाऊ तिच्याहून सहा वर्षांनी धाकटा, शाळेच्या बसवर ड्रायव्हर. दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांचा कलकलाट ऐकून घरी यायचा आणि म्हणायचा, मला फक्त शांतता द्या. मग घरातली सगळी शांतता स्वतःच मोडायचा.

"ज्या बाईनं या घरासाठी जन्म काढला," तो आता म्हणत होता, "तिचं साधं एक चित्र नाही? कागदाचं? फुकटचं?"

"जन्म काढला हे तुला आज कळलं?" भावजयीनं पर्स खुर्चीवर आदळली. "मी कितीदा म्हटलं, ताईंना स्वतःची जागा पाहिजे. तो मधला पडदा पुढे सरकवू, कपाट हलवू, त्यांची खाट दिवसभर राहील अशी सोय करू. काय म्हणालास तू?"

"काय म्हणालो?"

"'तिला काय लागतं!' हे म्हणालास. दर वेळेला. 'तिला काय लागतं, ती कुठंही ॲडजस्ट होते.'"

"मी कौतुकानं म्हणालो ते!"

आत्यानं झाकण ठेवलं आणि गॅस बारीक केला. भाजी कधीच झाली होती.

ती या घरात आली तेव्हा मोठीचा जन्म झाला होता आणि भावजय अंथरुणाला खिळली होती. थोडे दिवस, असं ठरलं होतं. एक बॅग घेऊन आली. भावजय उठून फिरू लागली, पण मग तिला औषधाच्या दुकानात नोकरी लागली. मग टिल्लू झाला. आत्याच्या घडीच्या खाटेला बाहेरच्या खोलीच्या दारामागे जागा मिळाली, आणि मुलांच्या कपाटातला सगळ्यात खालचा कप्पा. रोज रात्री सगळ्यांची निजानीज झाली की खाट उघडायची. रोज सकाळी पहिला माणूस उठायच्या आत मिटायची. कुणी सकाळी लवकर आलं तर त्याला पत्ताही लागू नये की इथं रात्री कोणी झोपलं होतं. तशी तिची ख्यातीच होती. भाऊ पाहुण्यांना सांगायचा, "आमची ताई म्हणजे काय! आहे की नाही कळतसुद्धा नाही."

मुलं शाळेत असायची तेवढा वेळ ती खोक्यांच्या कारखान्यात जायची. चपलांची खोकी, औषधांची, केकची. पुठ्ठ्यावर रेघ दाबायची, रेघेवर घडी घालायची, कोपरे खळीनं चिकटवायचे. इतकी वर्षं घड्या दाबून तिच्या उजव्या अंगठ्याचं नख पुढून सपाट झालं होतं. तिथं तिला मास्तरीण म्हणत, कारण नव्या आलेल्या बायकांना घडी शिकवायचं काम तिच्याकडे होतं. शिकवताना ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची: "घडी घालायच्या आधी मोज. घातल्यावर मोजून काय उपयोग?" नव्या बायका तिच्यामागे तिची नक्कल करायच्या. ते तिला ठाऊक होतं आणि आवडायचं.

कारखान्याच्या वर एक खोली होती. पूर्वी तिथं कागदाचे गठ्ठे ठेवत. आता नवीन गोदाम झाल्यावर ती रिकामी झाली, आणि मालकीणबाईंनी तिला विचारलं होतं, "मास्तरीण, राहतेस का वर? सकाळी शटर उघडायला घरचं माणूस मिळेल मला. तुलाही बरं." आत्या गठ्ठा आणायच्या निमित्तानं वर जाऊन आली होती. रस्त्याकडे खिडकी, कोपऱ्यात स्वतंत्र नळ, दारामागे एक जाडजूड खुंटी. ती खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि तिच्या मनात पहिला विचार आला की इथं खाट दिवसभर उघडी ठेवता येईल. मग तिला स्वतःचीच लाज वाटली आणि ती गठ्ठा न घेताच खाली आली.

"मुलांचं कसं होईल," ती मालकीणबाईंना म्हणाली होती.

"मुलांना आईबाप आहेत की. बरं, विचार कर. परवा सकाळपर्यंत सांग, नाहीतर मी पट्टीवालीला विचारते."

पट्टीवाली म्हणजे खोक्यांच्या कडेला कागदी पट्टी लावणारी. ती तर सामान बांधूनच बसली होती.

काल जेवताना आत्यानं घरात विषय काढायचा प्रयत्न केला होता. "कारखान्यावर एक खोली रिकामी झालीय," ती म्हणाली.

"अं? हो का?" भाऊ मोबाइलमधून वर न बघता म्हणाला. "छान. ताई, जरा भाजी."

तिनं भाजी वाढली. मनात म्हटलं, नाहीच म्हणून सांगून टाकू. आपल्याशिवाय यांचं पान हलत नाही. हे वाक्य तिला धीर द्यायचं. इतकी वर्षं ती त्याच्याच आधारावर उभी होती.

आणि आज दुपारी ही माळ.

सण जवळ आला होता. शाळेतल्या बाईंनी मुलांना काम दिलं होतं: घरातल्या माणसांची कागदी माळ करून आणा. प्रत्येकाच्या पोटावर त्याचे आभार लिहा. उद्या माळा वर्गात लावू, मग सणाला घरी नेऊन दारावर लावा. मोठी घरात शिरली तीच ओरडत, "आत्या, कागद! सोनेरी पाहिजे! सगळ्यांचा साधा असणार!"

आत्यानं कारखान्यातून कातरण आणून ठेवलेलीच असायची. तिच्या खालच्या कप्प्यात सोनेरी कागदाची एक लांब पट्टी होती, एका बाजूला रंग किंचित फिका पडला म्हणून बाद झालेली. ती तिनं टेबलावर पसरली. टिल्लूला शेजारच्या खुर्चीवर उशी ठेवून बसवलं. खळीची वाटी त्याच्या हाताला लागणार नाही अशी लांब ठेवली, आणि ती त्याच्या हाताला लागलीच.

"आत्या, हे खायचं असतं?"

"नाही रे राजा. चिकटवायचं असतं."

"मी थोडंसं खाल्लं."

"मग आता तुझं पोट चिकटणार. बोलू नकोस, तोंडही चिकटेल."

टिल्लूनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं आणि बराच वेळ तसाच बसला. मोठी हसून हसून खुर्चीवरून घसरली. आत्याही हसली. बोलता बोलता तिचे हात पट्टी दुमडत होते. अर्ध्यात. मग त्याच्या अर्ध्यात. मग पुन्हा अर्ध्यात. प्रत्येक घडीवरून सपाट नख फिरवलं. वरच्या घडीवर तिनं पेन्सिलनं अर्धा माणूस काढला, अर्धं डोकं, एक हात, एक पाय, आणि कात्री चालवली. कागद उलगडला तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. चार माणसं, हातात हात घालून.

"हे बाबा, ही आई, ही मी, हा टिल्लू," मोठीनं बोट ठेवत म्हटलं, आणि लिहायला बसली. आत्यानं कागद हलू नये म्हणून टोकं दाबून धरली. आईच्या पोटावर मोठीनं लिहिलं, 'आई, तू मला रोज डबा देतेस म्हणून आभार.' बाबांच्या पोटावर, 'बाबा, तुम्ही आमच्यासाठी गाडी चालवता म्हणून आभार.' टिल्लूचे आभार कशासाठी मानायचे यावर बराच विचार झाला. शेवटी 'टिल्लू, तू झोपलास की गोड दिसतोस' असं ठरलं. स्वतःचे आभार मानायला मोठीला अजिबात वेळ लागला नाही.

डबा आत्या भरायची. तिला ते वाचताना काही वाटलं नाही. पोर शाळेत जाताना आईच्या हातून डबा घेते, म्हणजे आईच देते, असं तिनं मनाशी म्हटलंही असेल. माळ तिनं खिडकीच्या गजावर वाळत घातली आणि ती भाजी निवडायला लागली.

एवढंच झालं होतं.

"आणि हे काय आहे?" भावजय आता माळेजवळ वाकली होती. "'तू मला रोज डबा देतेस.' अगं, डबा कोण भरतं?"

मोठी रडवेली झाली. "पण तू देतेस ना हातात."

"मी देते! मी दारात उभी राहून हातात देते, ते मोठं काम!" भावजयीचा आवाज एकदम उतरला. तिनं कपाळावरचे केस मागे सारले. "उद्या वर्गात लागणार हे. बाई वाचणार. आणि हा मला विचारतो, घरात काय दिसतं."

"ओरडू नकोस तिच्यावर."

"मी तिच्यावर ओरडत नाहीये. तुझ्यावर ओरडतेय."

आत्या वळली. हात पदराला पुसले. "मी कापली," ती म्हणाली.

दोघं तिच्याकडे बघायला लागले.

"माळ मीच कापली. पोरीनं काही केलं नाही. मी चारच काढली."

मग भावाच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम सुटला. तो खुर्चीत बसला आणि मोठ्यानं हसला. "घ्या! म्हणजे आम्ही दोघं इथं एकमेकांचे गळे धरतोय, आणि ताई, तूच विसरलीस स्वतःला? हातचा एक राहिला की गं तुझा!"

मोठीही हसली, रडणं टळलं म्हणून. सगळे हसतात म्हणून टिल्लू हसला. "आत्या विसरली! आत्या विसरली!" तो टेबलाभोवती पळू लागला.

"तरी म्हटलं," भाऊ डोळे पुसत म्हणाला, "माझी पोरगी असं करायची नाही."

भावजय तेवढी हसली नाही. ती आत्याकडे बघत राहिली. काहीतरी विचारावं असं तिच्या ओठांवर आलेलं दिसत होतं. पण टिल्लू तिच्या पायात येऊन अडखळला, आणि ती त्याला उचलायला वाकली.

आत्या पुन्हा गॅसकडे वळली. करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तिनं ओटा पुसला. पुसलेला ओटा पुन्हा पुसला.

तिला आठवत होतं ते असं. पट्टी अर्ध्यात दुमडत गेलं की चार माणसं निघतात. पाच हवी असली तर अर्धं करून चालत नाही, पंख्यासारख्या दहा सारख्या घड्या घालाव्या लागतात. हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. आणि दुपारी तिला कुणी घाई केली नव्हती. कुणी म्हटलं नव्हतं की तू नको. मोठीनं आणि टिल्लूनं जे हातात आलं त्यात आपापली माणसं बसवली. घर किती जणांचं, ते तिच्या हातांनी ठरवलं होतं. त्यांनी मोजलं आणि चार भरले.

आपल्याला राग यावा असं तिला वाटलं. राग आला असता तर बरं झालं असतं, कुणावर तरी काढता आला असता. आपल्याला घरच्यांनी वगळलं, असं म्हणून दोन दिवस अबोला धरता आला असता. तो दरवाजाही तिनं स्वतःच बंद केला होता.

"आत्या, मी तुला कापते," मोठी म्हणाली. पट्टीचा एक तुकडा उरला होता. तो अर्ध्यात दुमडून ती जीभ बाहेर काढून कात्री चालवू लागली. बाकीच्यांपेक्षा ही आकृती जरा बुटकी झाली, आणि उरलेला तुकडा फिक्या बाजूचा होता म्हणून तिचा रंगही वेगळा दिसत होता. "हिच्यावर काय लिहू?"

आत्याचा ओट्यावरचा हात थांबला. तिला खरंच ऐकायचं होतं.

मोठीनं पेनाचं टोक चावलं. आत्याकडे बघितलं, छताकडे बघितलं. डबा तर आईच्या पोटावर लिहून झाला होता. "खूप आहे," ती म्हणाली, "पण एक काय लिहू?"

"लिही," भाऊ म्हणाला, "'आत्या, तू आम्हाला मदत करतेस म्हणून आभार.'"

"मदत शेजारी करतात," भावजय पटकन म्हणाली.

"मग तू सांग."

भावजय मनात मोजू लागली. पोरीला झोपवणं, ताप मोजणं, दूध तापवणं, पाहुणे आले की बाजूला होणं. कुठलं एक सांगणार? "लिही तुला हवं ते," ती म्हणाली.

मोठीनं मदतच लिहिलं. एवढ्याशा पोटावर तेच मावत होतं.

मग पाचव्या माणसाचा हात टिल्लूच्या आकृतीच्या हाताला खळ लावून जोडला. बाकीच्यांचे हात अखंड कागदाचे होते. इथं एकावर एक दोन हात आले, जाड आणि ओले. भावानं खुर्चीवर चढून माळ दारावर लावून बघितली. जोड वाकला आणि शेवटची आकृती बाकीच्यांपेक्षा खाली लोंबायला लागली. कुणी दार उघडलं की तीच पहिली हलणार होती.

"झालं!" भाऊ खाली उतरला, हात झटकत. "पाच! आता कुणाची तक्रार?"

"खळ वाळली की सरळ होईल," आत्या म्हणाली. तिला माहीत होतं की होणार नाही. चिकटवलेला कोपरा आणि घडीचा कोपरा यातला फरक ती रोज नव्या बायकांना शिकवत होती.

जेवायला बसले. भांडण मिटलं की या घरात एक वेगळीच मजा यायची. भाऊ बसमधल्या पोरांच्या नकला करायचा, भावजय दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या. आजही तसंच झालं. एक आजोबा खोकल्याचं औषध चवीवरून निवडत होते म्हणे, आणि भावजयीनं त्यांचा तो विचारमग्न चेहरा असा काही केला की टिल्लूच्या नाकातून पाणी आलं. आत्यानं त्याच्या पाठीवर थोपटलं, मोठीला अजून हवंय का विचारलं, भावाला त्यानं मागायच्या आत भाजी वाढली. ती बघत होती. त्या चौघांचं हसणं एकमेकांना धरून चाललं होतं, एकाचं थांबलं की दुसऱ्याचं सुरू व्हायचं, आणि त्यात कुठे फट नव्हती. त्यांचं कुणाचं काही चुकत नव्हतं. आपण नसलो तरी हे असंच चालेल, हे तिला आज पहिल्यांदा अगदी स्पष्ट दिसलं. पान हलत होतं. केव्हापासून हलत होतं, देव जाणे.

दारावरून टप असा बारीक आवाज झाला. सगळ्यांनी वळून बघितलं. पाचवी आकृती जोडातून सुटून चपलांवर पडली होती.

"अरेरे, पडली आत्या!" टिल्लू ओरडला.

"मी चिकटवते परत," मोठी उठायला लागली. "टेप लावते."

"बस," आत्या म्हणाली. "जेव आधी. तिला टेप नको."

ती स्वतः उठली. चपलांवरची आकृती उचलली, झटकली, तिच्यावरचं वाचलं नाही. ती घडीवर नीट दुमडली आणि ब्लाउजमध्ये ठेवली. मग परत येऊन ताटावर बसली. भावजय हातातला घास तसाच धरून तिच्याकडे बघत होती.

"ताई," ती हळूच म्हणाली, "ती खोली तुम्ही काल म्हणत होतात. कारखान्यावरची. तुमच्यासाठी होती ना ती?"

"कुठली खोली?" भाऊ म्हणाला.

आत्यानं पाण्याचा घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. तिचा आवाज नव्या बायकांशी बोलतानाचा होता, एकदाच सांगायचा आणि स्पष्ट.

"सणाची सुटी संपली की मी कारखान्यावरच्या खोलीत राहायला जातेय. मालकीणबाईंना उद्या सकाळी सांगणार आहे. रुसून जात नाहीये, तेव्हा कुणी समजूत घालू नका. मोठीला स्वतःच्या वेण्या घालता येतात, मी शिकवल्यात. टिल्लूला दूध गार लागतं, गरम दिलं तर सांडतो. घडीची खाट मी नेईन. कात्री माझी आहे, तीही नेईन. मुलांसाठी बोथट टोकाची आणून ठेवा."